खाजकुइलीची पूड आणि मामांची गोळी

घाटावर किंवा कोकणात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना खाजकुइलीची ओळख करून द्यावी लागत नाही. कुंपणावर चढलेला वेल, इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली शेंग आणि तिच्यावरची तांबूस लव. ती लव अंगाला लागली की माणूस नाचायचाच बाकी राहतो. कुणी कुयली म्हणतं, कन्नडमध्ये नसुगुन्नी म्हणतात, वैद्यांच्या पोथीत ती कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता असते. माझं आजोळ अणशीचं. जोयडा तालुक्यात, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला लागून. तिथे गोठ्यामागच्या बांधावर दिवाळीनंतर या शेंगा वाळून लोंबत असतात आणि पोरांना तिकडे फिरकू देत नाहीत.

या शेंगेतल्या बियांमध्ये लेव्होडोपा असतं. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णाला डॉक्टर जी मुख्य गोळी देतात तिच्यातही लेव्होडोपाच असतं. त्याच्यासारखं काहीतरी नव्हे, तेच रसायन. हे ऐकल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न तोच असतो जो मामींनी मला फोनवर विचारला: "मग दुकानातली गोळी कशाला गो? हे झाडाचं आहे, त्याला कसला अपाय?"

प्रश्न चांगला आहे. आपल्यापैकी ज्यांचे आईवडील, काका-मामा गावी आहेत आणि आपण बंगळुरात किंवा पुण्यात बसून फोनवरून त्यांची औषधं सांभाळतो, त्यांच्यासमोर तो कधी ना कधी येणार आहे. गावी वेल असतो, शहरात ऑनलाइन मिळणारी 'कपिकच्छू कॅप्सूल' असते. मी डॉक्टर नाही. इथे लिहिते आहे ते मामांच्या आजारपणात समजून घेतलेलं आणि त्यांच्या डॉक्टरांकडून पुन्हा पुन्हा विचारून पक्कं केलेलं आहे.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या जंगलाला अगदी चिकटून आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं वर्णन १८१७ साली लिहिलं, पण पुढची दीडशे वर्षं नेमकं औषध नव्हतं. लेव्होडोपा १९१३ साली मार्कुस गुगेनहाइम या स्विस रसायनतज्ज्ञाने एका घेवड्याच्या जातीतून वेगळं काढलं. त्याने स्वतःवरच प्रयोग करून अडीच ग्रॅम गिळलं आणि उलट्यांनी बेजार झाला. या उलट्या लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी तेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांमध्ये असल्याचं दाखवलं. त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

उपयोग कळला तो दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीमुळे. सर्पगंधेपासून काढलेलं रिसर्पीन हे औषध रक्तदाबावर वापरलं जाई. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रिसर्पीन टोचलं, तेव्हा ते ससे कंपवाताच्या रुग्णासारखे गोठून बसले. मग डोपा टोचलं आणि ससे उठून हिंडू लागले. रिसर्पीनने मेंदूतलं डोपामिन संपवलं होतं, डोपाने ते भरून काढलं. या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. सर्पगंधा गोठवते, खाजकुइली सोडवते. एकाच वैद्याच्या पिशवीत या दोन्ही असू शकतात, ही गोष्ट मला फार उशिरा लक्षात येण्यासारखी वाटते, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. झोपेसाठी किंवा रक्तदाबासाठी कुणी सर्पगंधेची गोळी दिली, तर ती कंपवाताच्या औषधाच्या नेमकी उलट दिशेने काम करते.

आता मामांची गोष्ट. सहा वर्षांपूर्वी निदान झालं. उजवा हात थरथरायचा, अक्षर बारीक होत गेलं होतं, चालताना हात हलायचा नाही. हुबळीच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली आणि पहिली काही वर्षं उत्तम गेली. मग गोळीचा असर पुढच्या गोळीच्या आधीच उतरायला लागला. दुपारी तीनच्या सुमारास मामा ओट्यावर बसले की बसलेच. अशात शेजारच्या वाडीवरून एका ओळखीच्या माणसाने खाजकुइलीची पूड आणून दिली. सकाळ-दुपार एकेक चमचा दुधातून. गोळ्या चालूच होत्या.

पहिले तीन आठवडे मामा इतके बरे होते की मामींनी व्हिडिओ कॉलवर त्यांना अंगणात चालताना दाखवलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुडीने काहीच होत नाही असं सांगणारा माणूस रुग्णाचा विश्वास त्याच क्षणी गमावतो, कारण रुग्णाने फरक अनुभवलेला असतो. त्यानंतर मान आणि खांदे आपोआप हलायला लागले, पाय बसल्या जागी नाचल्यासारखे. घरच्यांना वाटलं आजार वाढला. आणि एका रात्री मामांना गोठ्यापाशी कुणीतरी उभं दिसलं. दुसऱ्या रात्री दोन माणसं. गावात अशा गोष्टीचा अर्थ काय लावला जातो हे सांगायला नको. नारळ देऊन झाला, राखण करून झाली. हुबळीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्यांशिवाय आणखी काय घेतात?" मामी म्हणाल्या, "काही नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या. पूड त्यांच्या लेखी औषधच नव्हती. डॉक्टरांनी मग चूर्ण, काढा, मुळी, ताईत, सगळं एकेक करून विचारलं तेव्हा ती बाहेर आली.

मामांना जे झालं ते सगळं लेव्होडोपा जास्त झाल्यावर होतं: आपोआप होणाऱ्या हालचाली, भास, उभं राहताच रक्तदाब उतरून भोवळ. पूड थांबवून आणि गोळ्यांच्या वेळा नव्याने आखल्यावर पंधरा दिवसांत गोठ्यापाशी उभी असलेली माणसं निघून गेली.

एक चमचा म्हणजे किती, हा हिशेब मी मांडून पाहिला. बियांमधलं लेव्होडोपाचं प्रमाण वेल, जमीन, बी किती पक्व आहे, भाजलं की उकडलं यावर बदलतं. ढोबळमानाने शेकडा ४ ते ६ धरतात, पण त्याहून कमी-जास्तही सापडतं. चहाच्या चमच्यात अंदाजे ३ ग्रॅम पूड मावते. शेकडा ४ असेल तर १२० मिलिग्रॅम, ६ असेल तर १८०. मामांच्या एका गोळीत १०० मिलिग्रॅम होतं. म्हणजे 'जरा चमचाभर पूड' हा प्रत्यक्षात गोळीपेक्षा मोठा डोस होता आणि तो दर खेपेला वेगळा होता. ज्या औषधात पंचवीस-पन्नास मिलिग्रॅमचा फरक रुग्णाला कळतो, तिथे हे चालत नाही.

खाजकुइलीवर नीट अभ्यास झालेलेच नाहीत असंही नाही. भारतात एच.पी.-२०० या नावाने तिची प्रमाणित पूड तयार करून ६० रुग्णांवर १२ आठवडे वापरली गेली, तो अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला आणि रुग्णांत सुधारणा दिसली. तिथे एक पुडी साडेसात ग्रॅमची होती आणि दिवसातून तीन ते सहा वेळा घ्यायची होती. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर ३० ग्रॅम पूड आणि नेहमीची गोळी यांची तुलना झाली. पूड लवकर चढली आणि तिचा असर जास्त वेळ टिकला. मग २०१८ साली बोलिव्हियातल्या रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात चौदापैकी सात जणांना पूड मध्येच सोडावी लागली, कुणाला पोटाच्या त्रासामुळे, कुणाच्या हालचाली बिघडल्यामुळे. थोडक्यात, हे औषध आहे. ज्याला परिणाम आहे त्याला दुष्परिणामही आहे, आणि म्हणून ते डॉक्टरांच्या कागदावर असायला हवं. आयुर्वेदाच्या डॉक्टरांकडून घेत असाल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. आणि अणशीच्या राष्ट्रीय उद्यानातून शेंगा तोडून आणणं हा गुन्हा आहे, हे वेगळं.

पुडीत आणखी एक गोष्ट नसते: कार्बिडोपा. आता गुगेनहाइमच्या उलट्यांकडे वळू. समजा, कारवारच्या बंदरावरून मासळीची टोपली घाट चढून अणशीला निघाली. वाटेत प्रत्येक गावात गिऱ्हाईक उभं. कद्र्यापर्यंतच टोपली रिकामी, अणशीला पोचतात चार बांगडे. लेव्होडोपाचं तसंच होतं. ते मेंदूत पोचण्याआधीच शरीरात त्याचं डोपामिन बनून जातं. तिथे त्याचा उपयोग नाही, उलट मळमळ होते आणि रक्तदाब उतरतो. कार्बिडोपा टोपलीबरोबर बसतं आणि वाटेत विक्री होऊ देत नाही. ते स्वतः मेंदूत शिरत नाही, त्याचं काम वाटेतलंच.

म्हणून गोळीच्या पट्टीवरचा आकडा वाचायला शिका. आपल्याकडे सिंडोपा हे नाव सर्रास ऐकू येतं. त्यात ११०, १२५ आणि २७५ अशा गोळ्या आहेत. आकडा मोठा म्हणजे औषध जास्त, असा सरळ हिशेब इथे नाही. ११० म्हणजे १०० लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे १०० आणि २५. २७५ म्हणजे २५० आणि २५. पहिल्या दोन्हींत मुख्य औषध सारखंच आहे, फरक सोबत्यात आहे. वाटेतली विक्री नीट थांबवायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. ११०च्या तीन गोळ्यांत ते ३० होतं, १२५च्या तीन गोळ्यांत ७५. नव्याने गोळी सुरू झालेला माणूस मळमळीमुळे औषधच नको म्हणत असेल, तर हा आकडा डॉक्टरांपुढे ठेवण्यासारखा आहे. दुसऱ्या कंपनीच्या गोळीवर आकड्याऐवजी प्लस, फोर्ट असे शब्द असतात, तेव्हा पट्टीच्या मागचे बारीक आकडे बघायचे. दुकानदार "तीच आहे, फक्त नाव वेगळं" म्हणाला तरी बघायचे. आणि सी.आर. लिहिलेली गोळी हळूहळू विरघळणारी असते. ती चावायची, कुटायची नाही, आणि साध्या गोळीच्या जागी तेवढ्याच मिलिग्रॅमची म्हणून बदलायचीही नाही, कारण तिच्यातलं औषध कमी प्रमाणात शोषलं जातं.

वेळ हा या औषधाचा निम्मा भाग आहे. लेव्होडोपा रक्तात फार टिकत नाही, दीड तासात निम्मं उरतं. आजाराच्या सुरुवातीला मेंदू स्वतःच्या साठ्यावर ती उणीव भरून काढतो, पुढे साठाच राहत नाही. मग आठची गोळी नऊला घेतली तर सबंध सकाळ वाया जाते. मामांच्या गोळ्या सात, अकरा, तीन आणि सात अशा आहेत. मी त्यांच्या फोनवर चार गजर लावून दिलेत, पण अणशीत खरा उपयोग झाला तो भिंतीवरच्या कॅलेंडरचा. गोळी घेतली की मामी खूण करतात. गोळी घेतली की नाही हे आठवत नसेल तर ती खूण भांडण मिटवते. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

जेवणाचं गणितही याच गोळीपुरतं आहे. प्रथिनांतली अमायनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत एकाच दारातून आत जातात. दारात गर्दी झाली की औषध बाहेर ताटकळतं. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक तासाने, भरपूर पाण्याबरोबर. दुधातून तर नकोच. मामांचं सकाळचं खाणं पेज, त्यामुळे सकाळची गोळी कधी अडली नाही. पेजेत प्रथिनं थोडी. सुरुवातीला मळमळत होतं तेव्हा डॉक्टरांनी तिच्याबरोबरच गोळी घ्यायला सांगितली होती. दुपारी माशांचं जेवण आणि मग तीनची गोळी, इथे अडचण होती. मासे बंद करायची गरज पडली नाही. जेवण साडेबाराला आणलं आणि मोठा वाटा रात्रीकडे सरकवला. जोयड्याचे कंद तर पिठूळच, त्यांच्याशी गोळीचं भांडण नाही. प्रथिनं तोडून टाकू नका, या आजारात वजन आधीच उतरतं. बद्धकोष्ठ मात्र मनावर घ्या. पोट साफ नसेल तर गोळी पोटातच रेंगाळते आणि आपण म्हणतो की औषध लागू पडेना. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या असतील तर त्या दोन तासांच्या अंतराने, कारण लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं.

सगळ्यात जास्त भीती मला वाटते ती इतर साध्या औषधांची. अणशीचा घाट ज्यांनी गाडीने उतरला आहे त्यांना माहीत आहे, वळणांवर 'गाडी लागते'. त्यासाठी आपण सहज जी गोळी घेतो तिच्यात बऱ्याचदा सिनारिझिन असतं, स्टुजरॉन हे तिचं ओळखीचं नाव. ते डोपामिनची वाट अडवतं आणि कंपवात वाढवतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे पेरिनॉर्म, आणि चक्करवरचं स्टेमेटिल हीसुद्धा त्याच जातीची. छोट्या दवाखान्यात रात्री उलटीसाठी यातलंच इंजेक्शन सहज दिलं जाऊ शकतं, त्यांच्यासमोर रुग्णाचा पूर्ण इतिहास नसतो. डॉम्पेरिडोन हा त्यातल्या त्यात चालणारा पर्याय, तोही हृदयाची स्थिती पाहून डॉक्टरांनी ठरवायचा. भास किंवा भ्रम झाला तर दिलं जाणारं हॅलोपेरिडॉलही कंपवाताच्या रुग्णाला चालत नाही. रॅसाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असेल तर खोकल्याच्या काही सिरपांत असणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फान आणि दुखण्यावरचं ट्रामाडॉल टाळायचं. ही सगळी नावं मी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर कन्नड आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून मामांच्या खिशात आणि गाडीत ठेवली आहेत. वर एकच ओळ: 'मला पार्किन्सन्स आहे, ही औषधं देऊ नका.' फोनमधली फाइल बॅटरी संपली की कामाची नाही.

गोळी एकाएकी बंद करणं हे वेगळंच संकट. अचानक थांबवलं तर अंग लाकडासारखं ताठरतं, जोराचा ताप चढतो, शुद्ध हरपू शकते, जिवावर बेतू शकतं. पावसाळ्यात दरड आली की घाट बंद, वीज नाही, फोनला रेंज नाही, आणि औषधाचं दुकान दरडीच्या पलीकडे. त्यामुळे मे अखेरीस घरात किमान सहा आठवड्यांच्या गोळ्या हव्यात, निरनिराळ्या दोन जागी. पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नका. दमट हवेत लेव्होडोपा काळपटतं. आठवड्यापुरत्या काढा, बाकी पट्टीतच राहू द्या. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवणार असतील तर "या गोळीचं काय करायचं?" हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा. लघवी किंवा घाम काळपट दिसला तर घाबरू नका, तो गोळीचा रंग असतो.

काही गोष्टी रुग्ण सांगणार नाही, त्या आपल्यालाच बघाव्या लागतात. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांनी काहींना जुगाराची, खरेदीची, खाण्याची अनावर ओढ लागते. आयुष्यभर पत्त्यांना न शिवलेले वडील रात्री दोनला ऑनलाइन रमी खेळताना सापडले, तर त्यांच्या स्वभावावर घसरण्याआधी औषधांची यादी काढा. बँकेचे मेसेज आपल्याच फोनवर येत असतात, तिथे हे आधी दिसतं. त्या गोळ्यासुद्धा स्वतः बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू उतरवतात.

डॉक्टरांकडे जाताना "बरे आहेत" किंवा "बरे नाहीत" याचा उपयोग होत नाही, हे मी मामांबरोबरच्या तीन खेपांत पाहिलं. तपासणीची दहा मिनिटं नेमकी गोळी चढलेली असते, त्यामुळे डॉक्टरांना टुणटुणीत माणूस दिसतो. आता मामी जायच्या आधीचे तीन दिवस वहीत तासातासाला एकेक अक्षर लिहितात: चालू, बंद, नाचतात. सोबत दुपारी तीनचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. मागच्या वेळी डॉक्टरांनी वही पाहून एकही नवी गोळी न लिहिता फक्त वेळ अर्ध्या तासाने पुढे आणली, आणि दुपारचं ओट्यावर अडकणं बरंच कमी झालं.

मराठीतून बोलायला माणसं हवी असतील तर पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मामींना हा दुसरा शब्द आवडला. त्या आता अणशीतून, ओट्याच्या ज्या एका कोपऱ्यात रेंज येते तिथे बसून, इतर शुभंकरांची बोलणी ऐकतात, आणि पुडीचा विषय निघाला की स्वतःचा माइक चालू करतात.